तिनं वाचलेलं पहिलं मराठी

माझ्या मुलीला वाचता येत नाही हे मला कळलं, कारण एका संध्याकाळी तिच्या हातून एकाऐवजी दोन पानं उलटली गेली.

ती तेव्हा दुसरीत होती. इंग्रजीच्या पुस्तकातला धडा रोज मला वाचून दाखवायची. शब्दाखाली बोट सरकवत, शाळेतल्या मिसच्या सुरात, कुठेही न अडखळता. मी समोर बसून माझ्या शाळेच्या वह्या तपासत ऐकत असे. त्या दिवशी पंख्याच्या वाऱ्यानं पानं फडफडत होती. दोन पानं एकदम उलटली आणि ती वाचतच राहिली. कुत्रा तळ्याकाठी गेला, कुत्र्यानं पाण्यात पाहिलं. समोरच्या पानावर कुत्राही नव्हता आणि तळंही नव्हतं. पोस्टमनचं चित्र होतं.

मी पेन खाली ठेवलं. "कुत्रा कुठें आहे? दाखीव मला."

तिनं बोट पानावर फिरवलं, मग एका शब्दावर ठेवलं. "हा."

तो शब्द 'लेटर' होता, पत्र.

सगळं पुस्तक तिनं वर्गात ऐकून पाठ केलं होतं. कुठल्या चित्राला कुठली वाक्यं, किती वाक्यांनंतर पान उलटायचं, सगळं. आज वाटतं, सात वर्षांच्या पोरीनं लाज झाकण्यासाठी अख्खं पुस्तक डोक्यात साठवलं, केवढी बुद्धी लागली असेल त्याला! तेव्हा मला एवढंच दिसलं की ती इतके दिवस मला फसवत होती. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. पुस्तक मिटून दप्तरात ठेवलं आणि दप्तराचा पट्टा हातात धरून उभी राहिली.

मी तंजावरजवळ ओरत्तनाडूच्या सरकारी शाळेत गणित शिकवते. सकाळी साडेसातची बस, संध्याकाळी सहाच्या आत घरी. नवरा वीज खात्यात आहे. दिवसभर मोपेडवरून कालव्याकाठच्या गावांत फिरतो, कुठे तार तुटली, कुठे मोटारीचं कनेक्शन. तंजावरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. घरात मराठी. आमची ही मराठी ऐकून पुण्याकडची माणसं आधी हसतात आणि मग, कुठून आलात, असं विचारतात. आम्ही कुठूनच आलेलो नाही, इथेच आहोत, हे त्यांना पटवायला वेळ लागतो. गल्लीतल्या बहुतेक मुलांना मराठी समजते, पण उत्तर ती तमिळमध्ये देतात. माझी मुलगी तशी नव्हती. ती भडाभडा मराठी बोलायची, जुन्या माणसांसारखी, आणि त्याचं गल्लीत कौतुक होतं.

देवनागरी मात्र आमच्यात थोड्यांनाच येते. मला वडिलांनी लहानपणी दर रविवारी पाटीवर गिरवून घेऊन शिकवली. धाकटी बहीण लाडकी, ती सुटली. त्यामुळे आम्ही दोघी बहिणी फोनवर एकमेकींना लिहितो ती मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. ती चेन्नईला असते. दिवसातून पाच-सहा वेळा तरी आमचं काहीबाही चालायचं. आज काय रांधलं, सासरचं कोण काय म्हणालं, मुलं काय करतात.

तिचा मुलगा माझ्या मुलीच्याच वयाचा. तो दुसरीतच जाडजाड पुस्तकं वाचत होता.

त्या दिवसानंतर मी मुलीला रोज संध्याकाळी शुद्धलेखन घालायला लागले. दहा शब्द इंग्रजी, दहा तमिळ. इंग्रजीत ती अक्षरांची उलटापालट करायची, पुढचं मागे, मागचं पुढे. तमिळमध्ये तीन तऱ्हेचे न आहेत. ते तिच्या हातून कधी बरोबर पडलेच नाहीत. एक शब्द सोमवारी यायचा, मंगळवारी जायचा. चुकलेला शब्द मी वीस वेळा लिहायला लावायची. विसाव्या वेळी तो पहिल्यापेक्षा जास्त चुकलेला असायचा. मग फूटपट्टी. फार जोरात नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. नवरा दारात उभा राहून म्हणायचा, "सोड ग आतां. जेवूं दे तिला." मी म्हणायची, "तुम्ही मध्ये पडूं नका. उद्यां वर्गांत लोक हिला हसतील."

खरं सांगायचं तर लोक मला हसतील याचीच मला भीती होती. मी शिक्षिका. माझ्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकीच्या मुलाचे मार्क सगळ्यांना ठाऊक असतात.

अशाच एका संध्याकाळी वही फेकून मी बहिणीला लिहिलं, 'दगडावर पाणी घालतें आहें.' तिनं लगेच उलट लिहिलं, 'अक्का, असें बोलूं नको ग, लहान आहे ती.' दुसऱ्यांदा तिनं अडवलं नाही. महिनाभरात तो आमचा शब्दच झाला. 'दगड काय म्हणतो?' 'दगडानें आज वीसपैकी दोन काढले.' ती हसण्याचं चित्र पाठवायची, मीही पाठवायची. आम्ही हसत होतो. ते लिहिल्यानं मला हलकं वाटायचं. बहीण वाईट नाही. मी तिला जे दिलं तेच तिनं परत केलं.

तिसरीच्या शेवटी शाळेनं बोलावलं. मुख्याध्यापिका अदबीनं म्हणाल्या, "हिला याच वर्गात आणखी एक वर्ष ठेवलं तर बरं." मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून टेबलावरचा पृथ्वीचा गोल बोटानं हळूहळू फिरवत होती. घरी येऊन मी कपडेही बदलले नाहीत. बसल्या जागी बहिणीला लिहिलं, मुलीचं नाव घालून लिहिलं, की हिची मला लाज वाटते. 'माझ्या वर्गांत चाळीस मुलें शिकतात, घरांतलें एक शिकत नाहीं. दुसरें होऊं द्यायला हवें होतें. एकच झालें, आणि तेंही असें.'

हे सगळं ती बाजूला बसलेली असतानाच लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा फोन लपवायचं कारणच नव्हतं.

शाळेचं म्हणणं नवऱ्यानं मानलं नाही. तो स्वतः जाऊन मुख्याध्यापिकांशी बोलला, सहा महिन्यांची मुदत मागून आला, आणि कचेरीतल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून एका बाईंचा पत्ता घेऊन आला. औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. ज्या मुलांना वाचायला अडतं त्यांना त्या शिकवायच्या. तिशीच्या असतील. त्यांनी मुलीला दोन दिवस तपासलं आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला दोघांना बसवून तमिळमधून सांगितलं, "ही आळशी नाही, मंदही नाही. अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ हिच्या डोक्यात आपोआप बसत नाही. डिस्लेक्सिया म्हणतात. गाठ बसते, पण हळू, आणि वेगळ्या रीतीनं बसवावी लागते. आजवर हिनं जेवढे कष्ट केलेत तेवढे तुमच्या वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलानंही केले नसतील."

नवऱ्यानं चष्मा काढून पुसला. मी विचारलं, "मग रोज किती शब्द लिहून घेऊ?"

"एकही नाही," त्या म्हणाल्या. "वही बंद. रोज वीस मिनिटं हा खेळ." आणि त्यांनी माझा फोन मागून घेतला.

फोनवरचा खेळ म्हणजे अभ्यास, हे मला पटण्यासारखं नव्हतं. माझ्या वर्गातली मुलं फोनपायी वाया जाताना मी रोज बघते. पण नवरा म्हणाला, "तुझी रीत दोन वर्षें झाली." मग मी खेळ फोनवर राहू दिला.

खेळात एक हिरवा बेडूक होता. तळ्यात कमळाची पानं, प्रत्येक पानावर एक इंग्रजी अक्षर. पानाला बोट लावलं की अक्षराचं नाव नाही, त्याचा आवाज ऐकू यायचा. तीन पानांवरून बेडकाला ओळीनं उड्या मारायला लावायच्या, तीन आवाज जोडायचे, आणि शब्द झाला की पलीकडच्या काठावर त्या शब्दाची वस्तू उगवायची. मांजर, टोपी, भांडं. चुकलं तर पान बुडायचं. बेडूक भिजून वर यायचा, डोळे मिचकावायचा, आणि तेच आवाज पुन्हा सावकाश म्हणून दाखवायचा. कितीही वेळा. त्याचा आवाज कधी चढत नसे.

भिजलेला बेडूक बघून ती खदखदून हसायची. मग ती मुद्दाम चुकून त्याला भिजवायला लागली. मी त्या बाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, "भिजवू दे. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या मर्जीनं चुकते आहे."

नवऱ्याचा फोन दिवसभर त्याच्याबरोबर फिरतीवर, म्हणून खेळ माझ्याच फोनवर होता. मी सहाला घरी आले की ती दारातच हात पुढे करायची. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून, पाय पसरून बसायची, आणि आतून मला बेडकाचे आवाज ऐकू यायचे. नंतर त्यात तिचेही मिसळले. आधी बेडूक म्हणायचा आणि मग ती, मग दोघं एकदम, मग ती आधी.

चौथ्या महिन्यात तिनं मिठाच्या पाकिटावरचा शब्द वाचला. पाकीट माझ्या हातात होतं. आवाज जोडत जोडत ती थांबली आणि मग ओरडलीच, "मीठ! आई, इथें मीठ लिहिलें आहे!" मीठच होतं ते. मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता. मग चहाच्या दुकानाची पाटी, बसची पाटी, औषधाच्या बाटलीवरचं नाव. रविवारी ती बापाच्या मोपेडवर पुढे उभी राहून जायची आणि गावागावांत भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती वाचत यायची. इंग्रजीवर मात्र तिचा राग होता. "खोटारडी आहे ती, आप्पा. लिहितात एक आणि म्हणतात एक." बाप म्हणायचा, "खरें आहे तुझें. पण काय करतां, सगळ्या खात्याचा कारभार तिच्याच हातांत."

मुदत संपली तेव्हा ती चौथीत बाकीच्या मुलांबरोबरच राहिली. ते दिवस आमच्या घरातले सगळ्यांत चांगले दिवस होते.

मी बहिणीला हे सगळं लिहीत होते का? लिहीत होते. पण 'दगड' हा शब्द आमच्या बोटांतून गेला नव्हता. आता तो लाडाचा झाला आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

चौथीतला एक शुक्रवार होता. मी आत रसम उकळत ठेवलं होतं, चिंचेचा कोळ गाळत होते. बाहेरून बेडकाचे आवाज येत होते. मग ते थांबले आणि तिची हाक आली.

"आई! आई, लवकर ये! हें मराठी आहे!"

"काय ग?"

"मी मराठी वाचतें आहें! हें खोटें बोलत नाहीं, जसें लिहिलें आहे तसेंच आहे!"

बेडकाच्या डोक्यावर, फोनच्या वरच्या कडेला, बहिणीचा मेसेज आला होता. मी हात पुसत दारात आले. ती गुडघ्यांवर बसली होती, फोन दोन्ही हातांत. तोंड आनंदानं फुललेलं. तिला मराठीत वाचायला कुणी कधी काही दिलंच नव्हतं. आपली घरातली बोली अक्षरांत असू शकते हेच तिला ठाऊक नव्हतं. आणि त्या इंग्रजी अक्षरांतली मराठी तिला वाचता येत होती, कारण बेडकानं शिकवलेले आवाज इथे सरळ लागू पडत होते.

"ऐक. द, ग, ड. दगड! क, सा. कसा. आ, हे. दगड कसा आहे!" ती हसायला लागली. "मावशी विचारते आहे, दगड कसा आहे! दगड कसा असतो? घट्ट!"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी हात पुसतच राहिले.

"पुढें आहे अजून, थांब. का, ही. काहीं. वा, च, ला. वाचला. काहीं वाचला का?" ती पुन्हा हसली. "दगड कुठें वाचतो का ग, आई?"

आणि मग हसू तसंच तोंडावर राहून तिचे डोळे स्थिर झाले. मला तो क्षण अजून दिसतो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मेसेजवर बोट लागून आमचं सगळं बोलणं उघडलं होतं, आणि तिचं बोट आता वरच्या ओळीवर गेलं होतं. त्या ओळीत तिचं नाव होतं. स्वतःचं नाव ती पहिलीपासून ओळखत होती.

तीन पावलं टाकून मी फोन तिच्या हातातून ओढून घेतला. आणि म्हणाले, "दुसऱ्यांचें वाचूं नये! एवढें कळत नाहीं?"

फोन हिसकावणं समजण्यासारखं होतं. ते वाक्य मात्र मला आजही गिळता येत नाही. वर्षानुवर्षं मी तिला वाच, वाच म्हणत होते. तिनं वाचलं, आणि माझ्या तोंडून तिच्यासाठी पहिलं निघालं ते हे.

ती म्हणाली, "बरें." उठून हातपाय धुवायला गेली. जेवताना तिनं रसमभात दोनदा मागितला. मला वाटलं, कळलेलं दिसत नाही. लहान आहे, दोन शब्दांवरून काय कळणार. मी त्या दिवसाच्या चार ओळी आणि तिच्या नावाची ओळ पुसून टाकली. बहिणीला फोन करून सांगितलं, "आतां तसें लिहूं नको, ती वाचायला लागली आहे." मागचं दोन वर्षांचं बोलणं फोनमध्ये तसंच होतं. ते पुसायचं मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं नेहमीसारखा हात पुढे केला. मी फोन दिला. मला तर बरंच वाटलं.

पुढचे दोन आठवडे ती रोज वीस मिनिटं बाहेरच्या खोलीत बसत होती. बेडकाचा आवाज येत नव्हता, पण आता ती मनात वाचते आहे, अशी मी समजूत करून घेतली.

दोन आठवड्यांनी त्या बाईंकडे गेलो. त्यांनी तिला खोलीत नेऊन तासभर वाचून घेतलं आणि बाहेर आल्या त्या चेहरा उजळूनच. "हिनं तर मोठी उडी मारली! लांब वाक्यं, सलग, न थांबता. मनातल्या मनातही वाचते. घरी काय दिलंत हिला वाचायला?"

"काही नाही," मी म्हणाले. "तुमचा खेळच."

त्यांनी खेळाची नोंद उघडली. कुठल्या दिवशी किती वेळ, किती शब्द, सगळं त्यात दिसायचं. त्यांच्या कपाळावर आठी आली. "दोन आठवडे खेळ रोज उघडला आहे. एकाही पानाला बोट लावलेलं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग ही वाचत काय होती?"

मी फोन पर्समधून काढलाही नाही. काढायची गरज नव्हती. दोन वर्षांचं सगळं, आवाजाला आवाज जोडत, तिनं ओळीनं वाचलं होतं. लाज वाटते ते. वीसपैकी दोनवर आम्ही हसलो ते. दुसरें होऊं द्यायला हवें होतें, ते. जिथे शब्द लांब असेल तिथे थांबली असेल, मागे जाऊन पुन्हा जोडला असेल, जसं तिला शिकवलं होतं.

मुलगी बाहेरच्या बाकावर बसून तिथलं चित्रांचं पुस्तक चाळत होती. मी त्या बाईंना खरं सांगितलं. त्यांनी खेळाची नोंद बंद केली. मग म्हणाल्या, "तुम्ही तिच्याशी बोला. मी यात काही शिकवू शकत नाही."

मी बोलायच्या आधीच नवऱ्याला कळलेलं होतं. आदल्या रविवारी मोपेडवर, दोन्ही बाजूंना भात लावलेल्या रस्त्यावर, तिनं त्याला विचारलं होतं, "आप्पा, मी एकटीच झालें म्हणून आई दुःखी आहे का?" त्यानं मोपेड थांबवली होती. काय उत्तर दिलं ते त्यानं मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "तूं तिला काय लिहिलें आहेस तें मला वाचायचें नाहीं. तिनें वाचलें तेवढें पुरे."

त्या रात्री तो आमच्यात बसून जेवला, पण माझ्याशी नंतर आठ दिवस बोलला नाही. लग्नानंतर असं पहिल्यांदा झालं.

मी मुलीसमोर जमिनीवर बसले. तिचे हात धरले. म्हणाले, "मी फार वाईट लिहिलें. तें खरें नव्हतें. मला राग येत होता, भीती वाटत होती. तूं दगड नाहींस. मला तुझी लाज वाटत नाहीं. मला क्षमा कर."

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. माझ्या गालावरचं पाणी आपल्या परकराच्या काठानं पुसलं. नऊ वर्षांची पोर, मोठ्या बाईसारखी. आणि म्हणाली, "परवाइल्लै, अम्मा."

काही हरकत नाही. तमिळमध्ये. तोवर तिनं मला आईशिवाय दुसरी हाक कधी मारली नव्हती.

मला वाटलं, रागाच्या भरात असेल, चार दिवसांनी जाईल. पण ती रागावलेली नव्हतीच. ती माझ्याशी नीट बोलत होती, सांगितलेलं काम करत होती, डबा नेत होती, परत आणत होती. फक्त तमिळमध्ये. मी मराठीत विचारायची, ती तमिळमध्ये उत्तर द्यायची, गल्लीतल्या इतर मुलांसारखी. बापाशी काही दिवस मराठी राहिली, मग तीही गेली. कुणी आमच्या घरी आलं तर म्हणायचं, "हीही आतां सगळ्यांसारखीच झाली." मी मान हलवायची.

बहीण पुढच्या सुट्टीत आली. फोनवर मी तिला सगळं सांगितलेलं होतं. तिनं पुण्याहून मागवलेली चित्रांची चार मराठी पुस्तकं आणली होती. मुलीनं दोन्ही हातांनी घेतली, तमिळमध्ये आभार मानले, मावशीला खुर्ची दिली, कॉफी आणून दिली. बहीण स्वयंपाकघरात येऊन भिंतीकडे तोंड करून रडली. मला तिची समजूत घालता आली नाही. आता आम्ही एकमेकींना लिहीत नाही. फोन करतो, पण बोलणं लवकर संपतं.

मुलगी आता चौदा वर्षांची आहे. तिला वाचता येतं की नाही, हा प्रश्न कधीच मागे पडला. इंग्रजी वाचते, तमिळ वाचते, सावकाश वाचते पण पुष्कळ वाचते. तमिळचे तीन न अजूनही चुकतात, त्यावर ती स्वतःच हसते. त्या बाईंकडे सुट्टीत जाते आणि लहान मुलांना खेळ लावून देते. त्या मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मुलं चुकली की ती त्यांना काही म्हणत नाही. शेजारी बसून राहते." मी म्हटलं, "हो का?" घरी ती हे कधी बोललेली नव्हती.

ती माझ्यासमोर मोठ्यानं वाचत नाही. गेल्या वर्षी नवऱ्याला ताप होता, डोळे दुखत होते, तर ती दुपारी त्याच्या उशाशी बसून त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. मी मागच्या अंगणातून धुतलेले कपडे घेऊन आले आणि खोलीबाहेर उभी राहिले. किती छान वाचत होती! योग्य जागी थांबत, आवाज वरखाली करत, मध्येच एखाद्या बातमीवर बापाला टोमणा मारत. मी पिळे छातीशी धरून ऐकत राहिले. साडी भिजली. मग माझ्या बांगड्या वाजल्या असतील. आतला आवाज थांबला. मी थोडी वाट पाहिली. नवरा म्हणाला, "वाच ग, पुढें काय?" ती तमिळमध्ये म्हणाली, "एवढंच होतं, आप्पा."

मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले.

माझ्या वर्गात आता कुणी अडखळलं की मी थांबते. एका मुलीला गणिताचं उदाहरण वाचता येत नव्हतं, तिला मी त्या बाईंकडे पाठवलं. तिची आई माझ्या पाया पडायला आली. मी तिला उठवलं, आणि घाईघाईनं दुसऱ्या वर्गावर निघून गेले. तास नव्हता माझा.

या जूनमध्ये मुलगी नववीत गेली. शाळेतून माहितीचा फॉर्म आला. पालकांनी तपासून सही करायची होती. तिनं तो स्वतःच भरून टेबलावर ठेवला होता, निळ्या शाईत, मोठ्या सुट्या अक्षरांत. नाव, जन्मतारीख, पत्ता, रक्तगट. मी एकेक ओळ तपासत गेले. एकही चूक नव्हती. आमच्या गल्लीचं नाव कठीण आहे, तेही बरोबर होतं. मातृभाषा या रकान्यात तिनं तमिळ असं लिहिलं होतं.

नवरा माझ्या खांद्यावरून बघत होता. "दुरुस्त करूं या का?" त्यानं हळूच विचारलं.

ती दारात बूट घालत होती. तिनं ऐकलं असेल. वर पाहिलं नाही. शाळेची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवत होती.

मी पेन मागितलं आणि खाली सही केली.